22 पानांचं टेबल आणि दुसऱ्या दिवशीची सकाळ: एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

हे एका मोठ्या कुटुंबाचं प्रकरण आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत आणि नावं घेतलेली नाहीत.

चार भावंडं, चार घरं. वर्षातून एकदा, सुट्ट्यांच्या दिवसांत, सगळे एका घरी रात्रीच्या जेवणाला जमतात. यजमानपद आळीपाळीने फिरतं. या वेळी पाळी थोरल्या भावाची होती. पानं 22. त्यात सर्वांत मोठ्या सासूबाई आणि सर्वांत लहान तीन वर्षांचा नातू. घरात एक मांजर. मांजराचा उल्लेख आत्ताच करते, कारण पुढे फुलं ठरवताना त्याचाही विचार करावा लागला.

मला बोलावलं थोरल्या सुनेने. मी समारंभांच्या सजावटीचं काम करते. मागच्या पाळीला याच घरी जेवण झालं होतं, तेव्हाची दुसऱ्या दिवशीची सकाळ त्या विसरल्या नव्हत्या. प्लास्टिकचं टेबलक्लॉथ, चमकी लावलेली कागदी फुलं, जरीच्या रिबिनी, हिरव्या फोममध्ये खोचलेली फुलांची मोठी रचना, रंगीत कागदी नॅपकिन्स. एका जेवणासाठी आणलेलं सगळं त्या एका जेवणात संपलं आणि मोठमोठ्या पिशव्यांत भरून बाहेर गेलं. त्यांच्या अटी दोनच होत्या. टेबल सुंदर दिसलं पाहिजे आणि सकाळी कचऱ्याचा डबा भरलेला नसावा. मी दुसऱ्या अटीपासून सुरुवात केली. पर्यावरणपूरक सजावटीची खरी परीक्षा टेबल मांडताना होत नाही, आवरताना होते, असं मला ठामपणे वाटतं. त्यामुळे टेबलावर येणाऱ्या प्रत्येक वस्तूला आम्ही एकच प्रश्न विचारायचं ठरवलं: जेवण झाल्यावर ही कुठे जाणार?

अडचण

घरात तीन मतं होती आणि तिन्ही आपापल्या जागी रास्त होती.

सासूबाईंचं म्हणणं, "सणाचं टेबल भरलेलं दिसायला हवं गं. पर्यावरणाच्या नावाखाली ओकंबोकं नको." कॉलेजात शिकणाऱ्या पुतणीने उत्साहाने ऑनलाइन यादीच तयार केली होती: ज्यूटचा रनर (टेबलाच्या मधोमध अंथरायची लांब पट्टी), लाकडी चकत्यांची नामपत्रं, बांबूच्या डिशेस, ऑरगॅनिक सुती नॅपकिन्सचा नवा संच, 'बायोडिग्रेडेबल' फोम आणि चमकी. थोरल्या भावाला यातलं काहीच नको होतं. ते म्हणाले, "माणसं महत्त्वाची. स्वच्छ चादर अंथरा, झालं."

शिवाय जागेचं गणित होतं. माणसाला मोकळेपणाने जेवायला टेबलाची साधारण 60 सेंटीमीटर रुंदी लागते. दोन्ही बाजूंना दहा-दहा आणि दोन टोकांना एकेक माणूस बसवायचा, तर टेबल सहा मीटर लांब हवं. घरात वेगवेगळ्या उंचीची तीन टेबलं होती. ती जोडली, पायांखाली लाकडी ठोकळे देऊन पातळी साधली. पण रुंदी 90 सेंटीमीटरच होती. दोन्ही बाजूंची ताटं, वाट्या, पेले यांना 35-35 सेंटीमीटर दिले, की मधे जेमतेम 20 सेंटीमीटरची पट्टी उरते. वाढण्याची भांडीही त्याच पट्टीवर हक्क सांगणार. सजावटीचे बहुतेक बेत इथेच फसतात. टेबल रिकामं असताना सुरेख दिसलेली रचना भांडी यायला लागली की उचलून कपाटावर ठेवावी लागते.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय म्हणजे नेहमीचंच सामान आणणं. तो कुणालाच नको होता.

दुसरा पर्याय पुतणीच्या यादीचा. तिसरा, सगळं भाड्याने आणणं: कापडी टेबलक्लॉथ, नॅपकिन्स, फुलदाण्या. भाड्याची वस्तू पुन्हा पुन्हा वापरली जाते, म्हणून हा पर्याय चांगलाच आहे आणि शंभर-दोनशे माणसांच्या कार्यक्रमाला मी तोच सुचवते. पण बावीस माणसांसाठी ने-आण करायची आणि प्रत्येक डागाची काळजी करत जेवायचं, हे थोरल्या सुनेला पटेना. चौथा पर्याय, घरात काय आहे ते आधी बघायचं आणि त्यातूनच टेबल उभं करायचं. सासूबाईंना भीती याच पर्यायाची वाटत होती.

पहिला निर्णय: खरेदीची यादी

पुतणीची यादी मी तिच्यासोबत बसून ओळीने तपासली. तिच्या हेतूबद्दल कुणालाच शंका नव्हती. प्रश्न असा होता, की यादीतली प्रत्येक वस्तू नव्याने बनून, बांधली जाऊन, गाडीतून येणार होती आणि ते सगळं एका रात्रीसाठी.

नव्या सुती नॅपकिन्सवर सर्वांत जास्त चर्चा झाली. कापूस म्हणजे निसर्गाचा, मग चिंता कसली, असं तिला वाटत होतं. मी तिला डेन्मार्कच्या पर्यावरण संरक्षण संस्थेचा 2018 चा अभ्यास सांगितला. तो बाजारच्या पिशव्यांचा आहे, पण मुद्दा इथेही लागू पडतो. सगळे पर्यावरणीय निकष एकत्र धरले, तर साध्या कापसाची पिशवी पातळ प्लास्टिकच्या पिशवीच्या बरोबरीला यायला सुमारे 7,100 वेळा वापरावी लागते आणि ऑरगॅनिक कापसाची 20,000 वेळा. फक्त हवामानबदलाचा निकष घेतला, तर हेच आकडे 52 आणि 149 वर येतात. म्हणजे कापड वाईट ठरत नाही. नवं कापड आणून दोनदा वापरून कपाटात टाकणं वाईट ठरतं. नॅपकिन कापडीच हवेत, पण त्यांचं कापड घरात आधीपासून असलं पाहिजे, एवढं ठरलं.

'बायोडिग्रेडेबल' शिक्क्याच्या वस्तूंना आमचा प्रश्न विचारला तेव्हा उत्तरं अडखळली. यादीतल्या काही वस्तू पीएलए या वनस्पतिजन्य प्लास्टिकच्या होत्या. पीएलए कुजायला सुमारे 60 अंश सेल्सिअस तापमान टिकवून धरणारा औद्योगिक खतप्रकल्प लागतो. घरच्या खताच्या कुंडीत तेवढी उष्णता होत नाही, तिथे ते तसंच पडून राहतं. आपला कचरा अशा प्रकल्पात जात नसेल, तर त्या शिक्क्याचा आपल्याला उपयोग नाही.

चमकी सरळ बाद झाली. युरोपीय संघाने 17 ऑक्टोबर 2023 पासून सुट्या प्लास्टिकच्या चमकीच्या विक्रीवर बंदी आणली, ती तिचे कण मुद्दाम मिसळलेले सूक्ष्मप्लास्टिक ठरतात म्हणून. टेबलावर चमकी सांडली की ती पुसण्याच्या फडक्यात जाते, फडक्यातून मोरीत, मोरीतून पाण्यात. गोळा करायची म्हटलं तरी करता येत नाही.

यादी रद्द झाली. पुतणी थोडी हिरमुसली. तिला मी लगेच दुसरं काम दिलं, ते पुढे येतंच.

दुसरा निर्णय: सासूबाईंचा खोका

माझ्या मते या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा निर्णय हाच.

माळ्यावर सासूबाईंचा एक खोका होता. त्यात वर्षानुवर्षं जमवलेली सजावट: प्लास्टिकची फुलं आणि पानांच्या माळा, रंगीत गोळे, काचेचे मणी, धातूचे छोटे दिवे, विजेवर चालणारी दिव्यांची जुनी माळ. पुतणी म्हणाली, "काकू, हे प्लास्टिक टेबलावर आलं तर आपण कसलं पर्यावरणपूरक म्हणायचं?" तिला तो खोका या निमित्ताने निकालात काढायचा होता. सासूबाई काही बोलल्या नाहीत. त्यांनी खोक्याचं झाकण लावलं.

मी खोका वापरण्याच्या बाजूने उभी राहिले. आमचा प्रश्न या वस्तूंनाही लागू होता: जेवण झाल्यावर त्या कुठे जाणार? तर परत खोक्यात, जशा इतकी वर्षं जात आल्या. त्या टाकून देऊन जागी लाकडी-तागाच्या वस्तू आणल्या, तर कचरा आणि नवं उत्पादन अशी दोन्हीकडून भर पडते. टेबल फोटोत नैसर्गिक दिसेल एवढाच फायदा. प्लास्टिकची वस्तू जितकी वर्षं टिकवून वापरू, तितकी तिच्या जागी दुसरी बनत नाही.

पण सरसकट सगळंही घेतलं नाही. सासूबाई, पुतणी आणि मी, तिघींनी मिळून खोका लावला. चमकी गळणाऱ्या आणि हाताला भुगा लागणाऱ्या ठिसूळ वस्तू वेगळ्या काढून बंद डब्यात ठेवल्या. जेवणाच्या टेबलावर त्यांचे कण नकोत. सुटे मणी बाजूला काढले, कारण तीन वर्षांचं मूल हाताला येईल ते तोंडात घालतं. उरलेल्यातून काचेचे गोळे, धातूचे दिवे आणि दिव्यांची माळ घेतली. माळेची वायर आणि पिन नीट तपासली. प्लास्टिकच्या पानांच्या माळा टेबलावर न घेता जिन्याच्या कठड्याला लावल्या.

झाकण पुन्हा उघडलं तसा सासूबाईंचा सूर बदलला. कुठला गोळा कुणाच्या जन्माच्या वर्षी आणला हे त्या सांगायला लागल्या, आणि पुतणी ते लिहून घेऊ लागली. भरलेल्या टेबलाची चिंता त्यांनी नंतर बोलून दाखवली नाही.

तिसरा निर्णय: फुलं, पानं आणि मधली पट्टी

आधी फोमचं बघू. फुलं खोचायचा तो हिरवा ठोकळा म्हणजे फिनॉल-फॉर्माल्डिहाइड जातीचं प्लास्टिक. 1954 पासून तो फुलवाल्यांच्या हाताशी आहे, कारण पाणी धरतो आणि देठ हलू देत नाही. पण देठाचं भोक एकदा पडलं की बुजत नाही, म्हणून तो एकदाच वापरला जातो. तो कुसकरतो आणि भुगा पाण्यात जातो. पाण्यातले छोटे जीव हे कण खातात, हे ऑस्ट्रेलियातल्या आरएमआयटी विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवलं आहे. ब्रिटनच्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीने 2021 पासून आपल्या पुष्पप्रदर्शनांत फोम बंद केला. इतक्या मोठ्या रचना फोमशिवाय उभ्या राहतात, तर 20 सेंटीमीटरच्या पट्टीला त्याची काय गरज?

फुलं कुठून आणायची यावर भाच्याचं मत होतं, की दुरून आलेली नकोत, जवळची कुठलीही चालतील. हे पूर्ण खरं नाही. ब्रिटनमधल्या क्रॅनफील्ड विद्यापीठाच्या 2007 च्या तुलनेत 12,000 गुलाबांमागे केनियातून विमानाने आलेल्या फुलांचा कार्बन डायऑक्साइड सुमारे 6,000 किलो निघाला, तर हॉलंडमध्ये तापवलेल्या काचघरात वाढवलेल्यांचा सुमारे 35,000 किलो. जवळच्या फुलालाही कृत्रिम ऊब देऊन अवेळी फुलवलं, तर ते महाग पडतं. म्हणून नियम अंतराचा न करता ऋतूचा केला: त्या आठवड्यात उघड्यावर, आपोआप जे फुललं आहे तेच. ते थोडं असलं तर थोडं.

कुणीतरी लिलीची फुलं सुचवली. ती मी ठामपणे नाकारली. खऱ्या लिलीचे सगळेच भाग मांजराच्या मूत्रपिंडाला घातक असतात. अंगाला लागलेले परागकण चाटले तरी जीव जाऊ शकतो. लहान मुलामुळे कण्हेरही बाद. ती दिसायला सुंदर आणि कुठेही सहज मिळणारी, पण पानापासून खोडापर्यंत विषारी.

मधल्या पट्टीवर नेमकं काय ठेवायचं, याचं उत्तर थोरल्या सुनेच्या बाल्कनीत सापडलं. तिथे पुदिना, तुळस आणि स्पायडर प्लांट भरपूर वाढले होते. प्रत्येक पानासमोर काचेची एक लहान बाटली, बाटलीत पाणी, पाण्यात मुळं फुटलेली एक काडी. बाटलीच्या गळ्यात पाहुण्याचं नाव. तीच सजावट, तेच नामपत्र आणि जाताना घरी न्यायची भेटही तीच. दुसऱ्या दिवशी बाटली दुसऱ्या घराच्या खिडकीत असणार. मनीप्लांट सर्वांत जास्त होता आणि पाण्यात तो मुळंही पटकन धरतो, पण त्याच्या पानांतले कॅल्शियम ऑक्सलेटचे स्फटिक तोंडाची आग करतात, मांजरालाही बाधतात. तो घेतला नाही.

डोळ्यात भरेल असं एक तरी काही हवं होतं, त्यासाठी टेबलाच्या वर जायचं ठरलं. झाडाखाली पडलेली साधारण दोन मीटरची वाळकी फांदी छताच्या हुकांना दोन दोऱ्यांनी आडवी टांगायची आणि सासूबाईंचे काचेचे गोळे तिला लावायचे. त्याने खालची पट्टी मोकळी राहते. समोरासमोर बसलेल्यांची नजरही अडत नाही. टेबलावरची रचना बसलेल्या माणसाच्या हनुवटीखाली संपली पाहिजे, नाहीतर डोक्याच्या वर सुरू झाली पाहिजे. मधल्या उंचीचं सगळं संभाषणाच्या आड येतं.

चौथा निर्णय: उजेड

मेणबत्त्यांवर एकमत झालं नाही. थोरल्या सुनेला त्या हव्या होत्या, आणि घरात जळून उरलेल्या मेणबत्त्यांचे तुकडे डबाभर होते. बहुतेक स्वस्त मेणबत्त्या पॅराफिनच्या, म्हणजे खनिज तेलातून आलेल्या असतात. तरी असलेलं मेण वितळवून पुन्हा वापरणं नवी मेणबत्ती आणण्यापेक्षा चांगलंच. पण वर टांगलेली वाळकी फांदी, खाली ज्योत आणि टेबलाशी तीन वर्षांचं मूल, हे मी मान्य केलं नाही. ज्योती असतील तर त्या भिंतीलगतच्या बाजूच्या टेबलावर, मुलाच्या हाताबाहेर, आणि त्यांच्या जवळ कापड, कागद किंवा सुकी पानं नकोत.

पुतणीने सेलवरच्या छोट्या एलईडी दिव्यांचा पर्याय काढला. ते मागे पडले ते त्यांच्यातल्या चपट्या बटन सेलमुळे. मुलाने तो गिळला, तर दोन तासांतच अन्ननलिकेला गंभीर इजा होऊ शकते. अखेरीस खोक्यातली विजेची माळ फांदीला गुंडाळली. मधल्या पट्टीवर घरातला एक जुना लांबट आरसा आडवा ठेवला. बाटल्यांमधलं पाणी आणि वरचे दिवे त्यात उतरले, उजेड वाढला. सासूबाईंच्या मनातलं 'भरलेलं' टेबल बरंचसं या आरशाने साधलं.

प्रत्यक्ष तयारी

काड्यांना वेळ लागतो, म्हणून ते काम तीन आठवडे आधी सुरू झालं आणि पुतणीने ते अंगावर घेतलं. काडी पेराच्या थोडी खाली कापायची, कारण मुळं पेरातून फुटतात. पाण्यात बुडणारी पानं काढायची, नाहीतर ती कुजतात आणि पाणी वास मारतं. पाणी दोन-तीन दिवसांनी बदलायचं. पुदिन्याने आठवड्याभरातच मुळं धरली, तुळस मागून आली. काही काड्या सडणारच हे धरून तिने सुरुवातीलाच तीसच्या वर काड्या लावल्या होत्या. शेवटी 22 धडधाकट निघाल्या, वर दोन-तीन उरल्या.

नॅपकिन्स दोन झिजलेल्या चादरींमधून कापले, साधारण 40 सेंटीमीटरचे चौकोन, कडा दुमडून शिवलेल्या. चादरींवर जुने फिकट डाग होते, म्हणून कांद्याच्या सुक्या सालींचा रंग द्यायचं ठरलं. साली महिनाभर साठवल्या, पाण्यात तासभर मंद उकळल्या, गाळल्या. कापड आधी तुरटीच्या पाण्यात भिजवून मग त्या रंगात सोडलं. तुरटीने रंग धाग्याला धरून राहतो. एका चादरीने गर्द सोनेरी रंग घेतला. दुसरी जवळपास फिकीच राहिली, कारण तिच्यात पॉलिएस्टर मिसळलेलं होतं आणि पॉलिएस्टर असा रंग घेत नाही. गर्द आणि फिके नॅपकिन आळीपाळीने मांडले तेव्हा ते ठरवून केल्यासारखे दिसले.

सहा मीटर लांबीचं टेबलक्लॉथ घरात नव्हतं. तीन वेगळ्या पांढऱ्या चादरी एकमेकींवर चढवून अंथरल्या आणि जोडांवर बाटल्या दाट ठेवल्या.

मेणाचं काम थोरल्या सुनेने स्वतः केलं. भांडं थेट आचेवर न ठेवता गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवून मेण वितळवलं. मेणाने पेट घेतलाच तर पाणी ओतायचं नाही, झाकण टाकायचं, हे आधी बोलून घेतलं. जुन्या वाती काढून सुती वाती घातल्या. जुन्या मेणबत्त्यांच्या वातीत कधीकधी धातूची तार असते. शिसं असलेल्या वातींवर अमेरिकेने 2003 मध्ये बंदी आणली, कारण त्या जळताना शिसं हवेत सोडतात. ओतण्यासाठी काचेचे पातळ पेले घेतले नाहीत, ते तडकतात. कडा मोडलेले चिनी मातीचे कप उपयोगी पडले.

नामपत्रांसाठी भाच्याने रुंद पानं आठवडाभर जाड पुस्तकांत दाबून ठेवली आणि त्यांवर पांढऱ्या पेन्सिलीने नावं लिहिली. ताजी पानं एका रात्रीत वळतात, दाबलेली सरळ राहतात.

फांदी सर्वांत शेवटी आली. ती दोन दिवस उन्हात ठेवली, झटकली, पण सालीचे सुटे पापुद्रे घासून काढायला कुणाला वेळ उरला नाही.

निष्पत्ती

टेबल सुंदर दिसलं. थोरल्या भावानेही ते मान्य केलं, आणि त्यांना बोलतं करणं सोपं नाही. लोकांनी आधी आपापल्या बाटलीतली मुळं निरखली, मग शेजाऱ्याची. सासूबाई प्रत्येक गोळ्याचं वर्ष सांगत होत्या आणि मुलं वर बोट करून पुढचा विचारत होती. सजावटीने माणसांना बोलायला विषय दिला, हे मला तिच्या रंगरूपाइतकंच मोलाचं वाटतं.

त्रासही झाला. घरात पंखा लागला तशी फांदी हलली आणि सालीचे बारीक कण खाली पडू लागले. दोन-तीन ताटं बदलावी लागली आणि पंखा बंद करावा लागला. पानांवरची पांढरी नावं मंद उजेडात वडीलधाऱ्यांना वाचता येईनात, तेव्हा त्यांना जागेवर नेऊन बसवावं लागलं. दोन बाटल्या कलंडल्या. उंच, निमुळत्या बाटल्यांचा तोल मुळात नाजूक असतो, आणि चादरींच्या जोडावर त्या आणखी डळमळीत झाल्या.

सकाळी डब्यात गेलं ते थोडं होतं: कोमेजलेली फुलं आणि दाबलेली पानं खताच्या कुंडीत, काही तुटलेला दोरा आणि एक फुटलेली बाटली कचऱ्यात. नॅपकिन्स धुवायला, चादरी धुवायला, आरसा भिंतीवर, गोळे खोक्यात, फांदी बागेत वेलाला आधार म्हणून.

22 बाटल्यांपैकी सात पाहुणे विसरून गेले. नेलेल्यांतल्या काही काड्या कुंडीत लागल्या, काही पाण्यातच मेल्या. पाण्यात फुटलेली मुळं नाजूक असतात. मातीत लावल्यावर पहिले काही दिवस माती ओलसर ठेवावी लागते. ही सूचना पाहुण्यांना कुणी दिली नव्हती.

पुन्हा करायचं झालं तर

छोट्या गोष्टी सरळ आहेत. फांदी ताठ ब्रशने घासून, सैल साल पूर्ण काढून मगच टांगायची, नाहीतर बाजूच्या टेबलाच्या वर टांगायची. नावं गडद रंगात आणि मोठ्या अक्षरांत. बाटल्या बसक्या, रुंद बुडाच्या. कापड रंगवण्याआधी त्याचा एक धागा जाळून बघायचा: सुताची राख होते आणि कागद जळल्याचा वास येतो, पॉलिएस्टर वितळून त्याची कडक गोळी होते. बाटलीच्या गळ्यातल्या पानाच्या मागे रोपाची एका ओळीची सूचना.

बाटल्या घरी न्यायच्याच, हा आग्रह मी पुन्हा धरणार नाही. भेट म्हणून दिलेलं रोप प्रत्येकाला हवंच असतं असं नाही. दाराशी एक टोपली ठेवावी, ज्याला हवी त्याने घ्यावी आणि उरलेल्या काड्या यजमानांनी आपल्या कुंड्यांत लावाव्यात. बाटल्याही मग घरातच राहतात.

मोठा प्रश्न श्रमांचा आहे आणि त्यावर या घरात सर्वांत उशिरा बोलणं झालं. तयार सामान आणलं की कचरा होतो. घरात बनवलं की काम होतं, आणि ते काम कुणाच्या तरी वाट्याला जातं. इथे मेण, शिवण, रंग, धुणं यातलं बहुतेक थोरल्या सुनेकडे आणि पुतणीकडे गेलं. भाच्याने पानं दाबली. थोरल्या भावाने टेबलं जोडली आणि फांदी टांगली. बाकीच्या तीन घरांनी फक्त यायचं होतं. जेवणानंतर 22 नॅपकिन्स आणि तीन चादरी धुवायला पडल्या, तेव्हा थोरली सून मला म्हणाल्या, "कचरा नाही झाला हे खरं. पण माझे चार दिवस गेले." हे वाक्य या प्रकरणाच्या हिशेबात कचऱ्याच्या बरोबरीने धरायला हवं. एकाच बाईच्या पाठीवर उभी राहणारी पद्धत दुसऱ्या वर्षी टिकत नाही. मग तिसऱ्या वर्षी पुन्हा प्लास्टिकचं टेबलक्लॉथ येतं आणि त्यासाठी तिला दोष देता येत नाही.

म्हणून कामं बोलावणं करतानाच वाटली गेली पाहिजेत. एका घराने काड्या लावायच्या, दुसऱ्याने नॅपकिन्स धुऊन-इस्त्री करून आणायचे, तिसऱ्याने जेवणानंतरचं आवरणं घ्यायचं. यजमानांकडे स्वयंपाक आणि घर एवढंच. वेळ कमी असेल, तर बनवण्याच्या वस्तू कमी करायच्या. इथे आरसा, दिव्यांची माळ आणि जुने गोळे यांना तासाभराचंही काम लागलं नाही, आणि टेबलाला अर्धी शोभा त्यांनीच आणली होती. मेणबत्त्या बनवणं या वर्षी सहज वगळता आलं असतं.

पुढची पाळी धाकट्या भावाची आहे. नॅपकिन्स, बाटल्या आणि सासूबाईंचा खोका त्यांच्याकडे पोचला आहे. खोक्यात पुतणीने लिहिलेली दोन पानं आहेत: एकावर गोळ्यांची वर्षं, दुसऱ्यावर कुणी काय करायचं त्याची वाटणी. वाटणीत धाकट्या भावाचं नाव नॅपकिन्सच्या धुण्यापुढे आहे आणि त्यांनी ते मान्य केलं आहे. त्यांच्या घरी टेबल लहान आहे, 22 माणसं एका वेळी बसणार नाहीत. दोन पंगती करायच्या की जमिनीवर बसायचं, यावर सध्या बोलणं चालू आहे. मधल्या पट्टीचं गणित त्यानुसार नव्याने मांडावं लागेल.